शेवंतीच्या हाडातला मगज

ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या दामाजीची थोरली लेक शेवंती. लग्न होऊन ती डोंबिवलीच्या खाडीकाठी मोठागावात आली. नवरा गुणाजी रेतीच्या होडीवर कामाला, आणि ती स्वतः डोंबिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. बाई बोलायला फटकळ, हसायला मोकळी. घरात, बाजारात, भावकीत कुणाचं काय चुकलं हे तिला चटकन कळायचं आणि कळलं की ती ते बोलून टाकायची. असं असूनही पंचाण्णव साली तिच्या धाकट्या भावाला, कान्हाला, रक्ताचा कर्करोग निघाला आणि तिथून पुढची दोन-तीन वर्षं तिला कशाचाच धड उलगडा होईना.

कान्हा शहाडच्या एका कारखान्यात होता. तिशीही उलटली नव्हती. आधी नुसता थकवा होता. घरी आला की जेवायच्या आधीच भिंतीला टेकून डोळे मिटायचा. हातपाय वाळले आणि पोट मात्र डाव्या बाजूने फुगत चाललं. त्याची बायको मालू थट्टेनं म्हणायची, कँटीनचे वडे मानवले बघा तुम्हाला. मग कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं.

तिथे डॉक्टर हेमा टिपणीस म्हणून बाई होत्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं संथ. त्यांनी कान्हाची आई बायजा, थोरला भाऊ मारुती, मालू आणि शेवंती अशा सगळ्यांना बसवून सांगितलं, "गोळ्यांनी आजार काही दिवस दबून राहील. कायमचा जायचा असेल तर त्याच्या हाडातला मगज बदलायला हवा. तो सख्ख्या भावंडाचा लागतो, आणि तोही जुळणारा."

मारुतीनं बाह्या सरसावल्या. "माझा घ्या. लागंल तेवढा."

मारुती म्हणजे अंगानं नुसता दगड होता. एकट्यानं होडी ओढून काठाला लावायचा. सगळ्यांना वाटलं, झालं काम. रक्त दिलं सगळ्यांनी, आणि काही दिवसांनी निकाल आला की मारुतीचं जुळत नाही, शेवंतीचं जुळतं. अगदी पुरतं जुळतं.

"माजं?" शेवंती म्हणाली. "मी तं बाई हाय."

"त्यानं फरक पडत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नि मारुती तं त्याच्यासारखाच दिसतो. दोघांचं नाक एक, चाल एक. मी आयवर गेलंय."

"हे नाकाडोळ्यांवर नसतं, शेवंतीबाई. आतलं वेगळं असतं."

आतलं वेगळं असतं, हे वाक्य घेऊन शेवंती घरी आली. तिला ते पटेना आणि डोक्यातून जाईना. पत्रिका जुळते तसं काही असेल का? पण पत्रिका तर नवराबायकोची बघतात. कान्हा तिच्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान. तो जन्मला तेव्हा बायजाला अंगावर दूध नव्हतं आणि शेवंतीनंच त्याला बोटानं बकरीचं दूध चाटवून वाढवलं होतं. म्हणून जुळलं असेल? तिनं हे डॉक्टरांना विचारायचं ठरवलं आणि तिथे गेल्यावर लाज वाटून विचारलं नाही.

पैशाअडक्याची सोय कारखान्यातल्या लोकांनी आणि गावकीनं मिळून केली, ते एक निराळंच रामायण. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कान्हाला काचेच्या खोलीत घेतलं. त्याला जालीम औषधं देऊन त्याचा स्वतःचा मगज मारून टाकला. केस गेले, तोंड आलं, माणूस ओळखू येईना. मग शेवंतीचा नंबर लागला.

शेवंतीला मगज म्हणजे मटणाच्या नळीतला ठाऊक. पांढरट, चिकट, ओठ लावून ओढून खायचा. तिची समजूत अशी की आपल्या मांडीचं हाड फोडून असाच काढणार आणि आपलं हाड पोकळ होणार. ती भ्यायली. टेबलावर पालथं झोपवायच्या आधी तिच्या मनात एक विचार चमकून गेला: मीच का? मारुतीचं का नाही जुळलं? दोन पोरं आहेत माझी. तेवढ्यात तिच्या हाताला सुई टोचली आणि पुढचं तिला कळलं नाही.

जागी झाली तेव्हा कंबरेखाली कुणीतरी वल्ह्यानं झोडपल्यासारखं दुखत होतं. पाय मात्र शाबूत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून काचेपाशी नेलं. आत कान्हाच्या उशाशी एक पिशवी लटकत होती, लालभडक.

"रक्त चडवलंय त्याला?"

"ते तुमचं आहे. तुमचा मगज."

"हे तं रक्तच हाय!"

"तसंच दिसतं."

शेवंतीनं काचेला नाक लावून ती पिशवी निरखली. मग म्हणाली, "बाई, एक इचारू? माज्या हाडातनं काडलंत. मग त्याच्या हाडात का नाय घालत? नसंत सोडलंय. ते हाडापरयंत कसं जानार?"

डॉक्टर हसल्या. "जातं. त्या पेशी रक्तातून फिरत फिरत बरोबर हाडात जाऊन बसतात."

"त्यांना वाट कोन दावतो?"

डॉक्टर म्हणाल्या, "ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

या उत्तरानं शेवंती हबकली. एवढं मोठं हॉस्पिटल, काचेच्या खोल्या, आणि ह्यांनाच ठाऊक नाही? पण डॉक्टरांनी ते इतक्या साधेपणानं सांगितलं की तिला राग येईना. ती मोठागावात परत आली, आठवडाभर कंबरेला शेक घेतला आणि पुन्हा बाजारात बसू लागली. गिऱ्हाईकं विचारायची, भावाचं कसं आहे? ती म्हणायची, माझा मगज त्याच्या हाडाची वाट बघतोय. लोक हसायचे. तिला वाटायचं आपण बरोबर तेच सांगतोय.

दिवस जात राहिले आणि कान्हाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही वर येईनात. रोज रक्त तपासायचे, रोज आकडा तळाला. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. शेवटी डॉक्टर टिपणीसांनी बाहेरच्या बाकावर येऊन घरच्यांना सांगितलं की मगज धरला नाही.

"धरला नाय म्हंजे?" बायजानं विचारलं.

"आंब्याचं कलम करतात ना, आजी. कधी धरतं, कधी वाळून जातं. तसं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवंतीनंही डोलावली. पण तिचा जन्म खाडीकाठचा. आंबा तिनं बाजारातून आणून खाल्लेला, कलम कशाशी खातात ते तिला काय ठाऊक? तिला एवढंच कळलं की तिनं दिलेलं फुकट गेलं. वाट चुकलं असेल. नसांत फिरत फिरत कुठेतरी भलतीकडेच गेलं असेल.

खाली उतरताना जिन्यात मालू थांबली. मालू शहाण्यासुरत्या घरातली मुलगी, कधी मोठ्या आवाजात न बोलणारी. नणंदेकडे न बघता ती म्हणाली, "बाय, देताना तुमच्या मनात काय होतं?"

"काय असनार? भाऊस बरा व्हावा."

"दुसरं काय नव्हतं ना?"

एरवी कुणी असं बोललं असतं तर शेवंतीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण टेबलावरचा तो एक विचार तिला आठवला. मीच का? एवढाच. त्याला किती वेळ लागला असेल? पापणी लवायला लागतो तेवढा. तेवढ्यानं होतं का असं काही?

तिथून तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. बाजारात ती कोलंबीचा वाटा मागणाऱ्याला बोंबील देऊ लागली. गुणाजीनं विचारलं तर म्हणाली, "माजंच काय तरी नासकं असंल." गुणाजी कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "नासकं असतं तर माज्या पोरांना कसं दूध पाजलंस?" त्या बोलण्यानं तिला थोडं बरं वाटलं आणि मग वाटलं की ह्यातूनही काही सिद्ध होत नाही.

शेवटी ती एकटीच हॉस्पिटलात गेली. डॉक्टर टिपणीस घाईनं कुठेतरी चालल्या होत्या. शेवंतीनं त्यांचा पदरच धरला.

"मनात खोट असली तर मगज धरत नाय का?"

डॉक्टर थबकल्या. "कोण म्हणालं?"

"कोन नाय. मीच इचारतंय."

"पेशींना मन नसतं, शेवंतीबाई. तुमच्या मनात काय होतं त्याचा नि त्यांचा काही संबंध नाही."

"मग का नाय धरलं?"

"कधी कारण सापडतं, कधी नाही. कदाचित पेशी कमी पडल्या. कदाचित त्याच्या शरीरानं त्या झिडकारल्या. मी तुम्हाला छातीठोक सांगू शकत नाही."

शेवंतीला वाटलं होतं, डॉक्टर हो म्हणाल्या तर एक दुःख, नाही म्हणाल्या तर सुटका. त्या नाही म्हणाल्या आणि तरी सुटका झाली नाही. कारण नाही म्हणजे काय, हा प्रश्न उरलाच.

त्याच वेळी डॉक्टरांनी तिला पुढचं सांगितलं. "बरं झालं आलात. मी निरोप धाडणारच होते. आपल्याला पुन्हा करून बघायचंय. लवकर करायला हवं, कान्हाकडे फार वेळ नाही. तुमच्याकडूनच घ्यावं लागेल."

"माजंच? जे धरलं नाय तेच परत?"

"तुमचंच जुळतं ना. पण या वेळी हाडातून नाही घेणार. रक्तातून घेऊ. काही दिवस इंजेक्शनं द्यायची, म्हणजे हाडातल्या त्या मूळ पेशी भरपूर वाढतात आणि रक्तात उतरतात. मग यंत्रानं तेवढ्याच वेचून घ्यायच्या. अशा पेशी जास्त मिळतात नि लवकर रुजतात, असा अनुभव आहे."

"मग पयल्यांदाच रक्तातनं का नाय घेतलंत? माजी कंबर फोडलीत ती कशाला?"

"आपल्याकडे हे नवीन आहे. नेहमीची रीत हाडातूनच घ्यायची."

शेवंती तिथेच बाकावर बसली. जे हाडात असतं ते रक्तात कसं? रक्तात उतरतं तर मग ते हाडातलं राहिलं का? आणि पहिलं वाया गेलं तर हे जाणार नाही कशावरून? तिनं यातलं एकही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "कवा येऊ?"

घरी हे ऐकून गुणाजी प्रथमच चिडला. "बाईला काय हीर समजतात काय? उपसली की परत भरंल?"

"भरतं म्हनतात."

"नि नाय भरलं तर?"

"तर तू हाइस की. पोरांना भात शिजवून घाल."

गुणाजी उठून खाडीकडे निघून गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन मोठ्या चिंबोऱ्या होत्या. "रस्सा करून पी," म्हणाला. "ताकद लागंल." तिच्या बोलण्याला ते उत्तर होतं की नव्हतं, तिला कळलं नाही. पण ती रस्सा प्यायली.

इंजेक्शनं हॉस्पिटलातून मिळाली, छोट्या छोट्या बाटल्या. ती डोंबिवलीतच एका दवाखान्यात रोज टोचून घ्यायची होती. बाटल्या थंड ठेवायच्या. शेवंती म्हणाली, त्यात काय, माझ्याकडे बर्फाची पेटी आहे. तर नर्स ओरडली, "बर्फात अजिबात नाही! गोठल्या तर वाया जातील. फ्रिजच्या दारात ठेवा."

आता हे काय? जन्मभर जे जे टिकवायचं ते शेवंतीनं बर्फात पुरलं होतं. थंड हवं, पण बर्फ नको. मोठागावात तिच्या वस्तीत फ्रिज कुणाकडे नव्हता. तिला एकच घर आठवलं, रामनगरातल्या सरोजताई चौबळांचं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मासळीच्या भोक्त्या, शेवंतीचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. ती पाटी न घेता दारात उभी राहिलेली पाहून सरोजताई दचकल्याच.

"अगं, आज रिकाम्या हातानं?"

शेवंतीनं पदरातून बाटल्यांचं पुडकं काढलं आणि सगळं सांगितलं. सरोजताईंनी लोण्याचा डबा हलवून दारातल्या कप्प्यात जागा केली. मग दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसल्या.

"म्हणजे रक्तदान करायचंय तुला," सरोजताई म्हणाल्या. "त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आमच्या भाऊनं कितीदा केलंय."

"रक्त नाय घेनार. रक्तातलं काय तरी घेऊन रक्त परत देनार."

"परत? कुणाला?"

"मनाच." शेवंतीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

सरोजताई विचारात पडल्या. "असं कसं असेल? तुझी ऐकण्यात चूक झाली असेल."

"तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, मूळ पेशी म्हंजे काय?"

सरोजताईंनी चष्मा पुसला. "मी भूगोल शिकवायचे गं," त्या म्हणाल्या. "मूळ म्हणजे... ज्यापासून बाकीच्या होतात, तशा काही असाव्यात. मला नीट नाही सांगता येणार." त्या मग दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर दवाखान्यात येऊ लागल्या. दोघींनाही काही कळत नव्हतं, पण न कळणाऱ्या दोघी झाल्या म्हणजे जरा बरं वाटतं.

दोन इंजेक्शनं झाली आणि शेवंतीची हाडं ठणकू लागली. कंबर, छातीचं हाड, अगदी कपाळसुद्धा. आतून कुणी तरी रेटा देऊन बाहेर पडू बघतंय असं वाटायचं. पाटीवर बसवेना. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "दुखतंय ना? म्हणजे काम चालू आहे. चांगलं लक्षण."

"दुखलं म्हंजे चांगलं?"

"हो."

शेवंती सरोजताईंकडे बघून म्हणाली, "इथं सगळं उलटंच हाय बाई."

ठरल्या दिवशी तिला हॉस्पिटलात यंत्रापाशी निजवलं. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात गरगर फिरून दुसऱ्या हातातून परत आत. पाणी प्यायलाही हात हलवायची सोय नव्हती. मालू शेजारी बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होती. जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर दोघी धड बोलल्या नव्हत्या.

मध्येच शेवंतीच्या ओठांना मुंग्या आल्या. तिला वाटलं, संपलं, हे मरणच. "मालू, माजं तोंड जातंय!"

मालू किंचाळून नर्सकडे पळाली. नर्सनं आरामात येऊन एक गोळी चघळायला दिली. "रक्त गोठू नये म्हणून औषध मिसळतो, त्यानं होतं. कॅल्शियम आहे हे, चावा." मुंग्या थांबल्या. मालूनं शेवंतीचं कपाळ पुसलं आणि ती पुसतच राहिली.

"बाय," ती म्हणाली, "या खेपंला नाय धरलं तरी मी काय बोलनार नाय."

"बोल की. तुजा नवरा हाय."

"तुमचा भाऊस हाय."

शेवंतीला वाटलं, आता सांगून टाकावं. पहिल्या वेळी टेबलावर काय मनात आलं होतं ते. ती म्हणाली, "मालू, खरं सांगू? तवाबी भ्यायले होते, आताबी भ्यायलेय. मनात चांगलं आनायचं म्हनून आनते, तं मदीच पोरांचं ध्यान येतं. माजं मन काय एका जागी बसत नाय."

मालूनं पुन्हा चमचा भरून पाणी पाजलं. आपलं बोलणं मालूला माफीसारखं लागलं की कबुलीसारखं, हे शेवंतीला पुढेही कधी कळलं नाही, आणि मालूनंही तो विषय पुन्हा काढला नाही.

या खेपेची पिशवी आकारानं लहान आणि रंगानं फिक्कट होती, टोमॅटोच्या सारासारखी. शेवंतीला ती बघून धडकी भरली. पहिली एवढी मोठी, लालबुंद पिशवी धरली नाही, ही काय धरणार? पण डॉक्टर टिपणीस खूश दिसत होत्या.

आणि धरलं. आधी आकडा नुसता हलला. कुणी काही बोलेना, नजर लागेल म्हणून. मग तो चढू लागला. एके दिवशी सकाळी मारुती धावत मोठागावात आला आणि अंगणातूनच ओरडला, "धरलं गो शेवंते! धरलं!" शेवंती मासळीनं भरलेले हात तसेच घेऊन उभी राहिली. तिला आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच मनात आलं: का? तेव्हा का नाही आणि आता का? मन तर आपलं तेच होतं.

कान्हा घरी आला तेव्हा पावसाळा सरला होता. कोळीवाड्यातल्या घराच्या माडीवर त्याची वेगळी सोय केली होती. गर्दीत जायचं नाही, कच्चं खायचं नाही. नव्या तपासणीचे निकाल ऐकायला शेवंतीही त्याच्याबरोबर गेली. डॉक्टर टिपणीसांनी कागद पुढ्यात घेतला आणि हसून म्हणाल्या, "उत्तम. सगळ्या पेशी बाईच्या आहेत."

कान्हा गोंधळून मागे बघू लागला, दुसऱ्या कुणाचा कागद असेल म्हणून.

"तुमच्याबद्दलच बोलतेय, कान्हा. तुमचं रक्त आता तुमच्या हाडातल्या शेवंतीबाईंच्या मगजातून तयार होतं. तपासलं की ते बाईचं दिसतं. जुन्या पेशी उरल्या असत्या तर पुरुषाच्या दिसल्या असत्या. आणि तुमचा रक्तगट बी होता ना, मगज जुळायला तो एकच लागत नाही, पण आता तोही बदलत चाललाय. ओ होईल, ताईंसारखा."

कान्हाचे कान लाल झाले. "म्हंजे मी... आता..."

"तुम्ही तुम्हीच आहात. फक्त रक्त त्यांचं."

परतीच्या गाडीत बहीणभाऊ शेजारी बसले. मग कान्हा दबक्या आवाजात म्हणाला, "बाय, हे वाड्यात कुनाला सांगू नको हां."

"काय सांगू? मनाच समाजलं नाय."

"माजं रक्त कुठं गेलं पन?"

"मारलं ना त्यांनी औषध देऊन."

"सगलं?"

शेवंतीनं मनाशी हिशेब मांडला. बापाचं, दामाजीचं रक्त आपल्या अंगात आहे असं लोक म्हणतात. कान्हाच्या अंगात आता तिचं. तिच्यातही दामाजीचंच. मग ते फिरून तिथंच आलं की नाही? तिनं हे त्याला सांगून पाहिलं. कान्हाला ते पटलं असावं, कारण तो जरा सैल होऊन बसला. तिला स्वतःला पटलं नव्हतं.

दिवाळीनंतर कान्हाच्या अंगावर लाल चट्टे उठले. मग त्वचा काळवंडली, ताठरली. तोंड कोरडं पडलं, डोळ्यांतून पाणी येईना, त्यात सारखे थेंब घालावे लागत. तिखटाचा घास लागला की जीव जायचा, आणि कोळ्याच्या घरात बिनतिखटाचं कालवण म्हणजे आजारपणाहून मोठा आजार. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या पेशी तुमच्या अंगाशी भांडतायत."

"माज्या?" शेवंती ओरडलीच. "पयल्यांदा टिकल्या नाय, आता टिकल्या नि भांडतायत?"

"त्यांना हे शरीर परकं वाटतं. औषध देऊन आपण त्यांना शांत करू. पण अगदी गप्प नाही बसवायचं. थोडं भांडण चांगलं असतं."

"चांगलं कसं?"

"त्या भांडणात उरलासुरला कर्करोगही मारला जातो."

शेवंतीनं कपाळावर हात मारला. ती भावाशी जन्मात भांडली नव्हती. मारुतीशी भांडली, बायजाशी भांडली, आख्ख्या बाजाराशी भांडली, कान्हाशी कधीच नाही. आणि आता रक्त भांडतंय, आणि ते भांडतंय म्हणून तो जगतोय. बायजाला तिनं हे सांगितलं तेव्हा म्हातारी शांतपणे जाळं विणत म्हणाली, "भांडू दे. जितं हाय तवर भांडतील."

पुढे चट्टे कमी-जास्त होत राहिले. कान्हा कारखान्यात परतला. भट्टीजवळचं काम सुटलं, साहेबांनी त्याला गोदामात बसवलं. हाताची बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. उन्हात जाता येत नव्हतं. पण तो जेवत होता, आपल्या पोरीला शाळेत सोडत होता, आणि पुढच्या नवरात्रात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, तोंडाला रुमाल बांधून का होईना, टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जाऊन आला. आजार परतला नव्हता. परतणार नाही असंही कुणी सांगत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली असंच एकदा तपासणीला गेलेले असताना डॉक्टर टिपणीसांनी शेवंतीला बाजूला बोलावलं. टिटवाळ्याकडचा एक शेतकरी, दौलत नावाचा, आपल्या भावाला पेशी द्यायला आला होता. त्याच्या भावाचंही पहिलं फुकट गेलं होतं. "मी सगळं समजावलं," डॉक्टर म्हणाल्या, "पण तो नुसता मान हलवतोय. तुम्ही बोला जरा."

दौलत बाकाच्या टोकाला टोपी हातात घेऊन बसला होता. शेवंती त्याच्या शेजारी टेकली.

"ताई, नेमकं काय काढत्यात वो?"

"हाडातलं रक्तात आनतात. म्हंजे इंजेक्शन देतात, मग ते..." शेवंती अडखळली. "मग यंत्र फिरतं. घेतात नि परत देतात. सगलं नाय देत. थोडं ठेवतात."

"काय ठेवत्यात?"

"तेच. मूळ पेशी."

दौलतचे डोळे सुजलेले होते. तो हळूच म्हणाला, "माझं पैलं धरलं नाय. घरचे म्हणत्यात, तुझ्याच मनात काळंबेरं."

शेवंतीनं खूप आठवून पाहिलं, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, पेशींना काय नसतं, काय असतं. सगळं एकात एक गुंतलं. शेवटी ती म्हणाली, "हे बघ भाऊ, मना काय समाजलेलं नाय. अजून नाय. ह्या बाईंनाबी सगलं ठाव नाय, त्या तसं सांगतात. माजंबी पयलं धरलं नवतं, दुसरं धरलं. मी दोनी खेपंला भ्यायलेली. तुना दुखंल, ओठांना मुंग्या येतील, तवा गोली माग. एवढंच मी सांगू शकतंय."

"तुमचा भाऊ हाय का अजून?"

"तो काय, खिडकीपाशी उभा हाय. निल्या सदऱ्यातला."

दौलतनं मान वळवून पाहिलं. कान्हा खिडकीत उभा राहून डोळ्यांत थेंब घालत होता, अर्धे गालावर सांडत होते आणि तो वैतागून बाहीनं पुसत होता. मग दौलतनं टोपी डोक्यावर घातली आणि नर्सनं हाक मारली तसा उठून आत गेला.